बाण टेकतो ती जागा

धनुष्य घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती किमतीची आणि ओढीच्या पौंडांची. सुटण्याआधी बाण ज्यावर टेकतो, त्या बोटभर पट्टीचा विषय कुणी काढत नाही. खेळाडू तिला ‘रेस्ट’ म्हणतात. माझं मत विचाराल तर नवख्याच्या निम्म्या तक्रारी या पट्टीपाशी सुरू होतात आणि तिथेच मिटतातही.

गावही असं की बाणाचा विषय इथे जुनाच. त्रिपुरासुराशी लढण्याआधी शंकराने गणपतीची आराधना केली ती रांजणगावात, अशी आख्यायिका आहे. अष्टविनायकांतला आमचा महागणपती तोच. पुराणात मेरू पर्वताचं धनुष्य आहे, वासुकीची दोरी आहे आणि प्रत्यक्ष विष्णू बाण झालेला आहे. एका बाणात तिन्ही पुरं खलास. रेस्टचा उल्लेख मात्र कुठे नाही. देवाला चालतं. आमच्या शेजारच्या मुलाला चालेना, म्हणून हा खटाटोप.

तो शिकला बांबूच्या धनुष्यावर. आपल्याकडे इंडियन राउंड नावाचा जो प्रकार खेळतात, त्यात 50 आणि 30 मीटरवरून बांबूच्या धनुष्याने बाण मारायचे असतात. तिथून तो लाकडी रिझरच्या (म्हणजे मधल्या मुठीच्या भागाच्या), पाती सुटी करता येणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यावर आला. अशा धनुष्याच्या मुठीच्या वर खिडकीसारखा कापलेला भाग असतो. त्याच्या तळाला ‘शेल्फ’ म्हणतात. त्यावर केसाळ कापडाचा तुकडा चिकटवून बाण थेट शेल्फवरून मारणारे जगभर पुष्कळ आहेत, आणि पारंपरिक शिकारी धनुष्यवाल्यांचा जीव तर त्यावरच. बाण हाताच्या अगदी लगत राहतो, बोट दाखवावं तसा नेम लागतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्याला एक अट आहे: बाणाला खरी पिसं हवीत. पीस शेल्फला घासलं तर दबतं आणि पुढे जातं. प्लॅस्टिकचं पीस, म्हणजे व्हेन, दबत नाही, ते आपटतं आणि बाणाचं शेपूट उडवून लावतं.

पावसाळ्यात पिसं भिजतात, चपटी होतात आणि बाण वेडावाकडा जायला लागतो. म्हणून मुलाने प्लॅस्टिकचे व्हेन लावलेले बाण घेतले. तिथेच रेस्टचा निकाल लागला. बाण शेल्फवरून उचलून वर धरणं भाग होतं.

गल्लीत धनुष्य दिसलं की एक प्रश्न ठरलेला: “बिबट्यासाठी का?” शिरूर तालुक्यात उसाच्या कडेला राहणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न निव्वळ थट्टेचा नसतो, हे मला कळतं. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्याकडे हे धनुष्य कागदाच्या लक्ष्यासाठी. परदेशी शिकाऱ्यांनी रेस्टवर केलेला विचार मात्र आपल्याला फुकट वापरता येतो.

रेस्टचे प्रकार डझनभर आहेत. लोखंडी तारेची, चुंबकाने जागेवर परतणारी, आणि साधी प्लॅस्टिकची, पाठीला गोंद असलेली. महागड्या रेस्टबरोबर प्लंजर लागतो. रिझरच्या भोकातून आरपार बसणारं, आत स्प्रिंग असलेलं ते बटण. बाण सुटताना कडेला दाबतो तो दाब हे बटण झेलतं. अमेरिकन तिरंदाज व्हिक्टर बर्गर यांच्या नावाने ते बर्गर बटण म्हणूनही ओळखलं जातं. आमच्या रिझरला त्यासाठी आटे पाडलेलं भोक होतंच, त्यामुळे मोह झाला. तरीही मी प्लॅस्टिकची चिकटवायची रेस्ट घ्यायला लावली. स्प्रिंग आली की तिचा ताण हा आणखी एक फिरवायचा स्क्रू आला, आणि ज्याची बोटंच अजून रोज वेगळी सुटतात त्याने स्क्रू फिरवून काय साधणार? शिवाय चिकटवायची रेस्ट काही शे रुपयांत मिळते, मोडली तर रडू येत नाही.

आता बसवण्याचं काम. मुठीचा सर्वात खोल भाग, जिथे अंगठा आणि तर्जनीमधला बेचका बसतो, तो आधी शोधायचा. रेस्टवर बाण टेकेल तो बिंदू बरोबर त्याच्या वर यायला हवा. तो मागे-पुढे सरकला, तर मनगटाची जराशी हालचालही बाणाच्या टोकाशी मोठी होऊन दिसते. जागा पेन्सिलीने आखली, लाकूड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, वाळू दिलं, मग रेस्ट दाबून बसवली आणि रात्रभर हात लावला नाही. उंची एवढीच, की खालचं व्हेन शेल्फला न लागता सुटेल. त्याहून वर नेली तर बाण हातापासून उगाच लांब जातो. रेस्टचा टेकू बाणाच्या बाहेर डोकावता कामा नये. वरून पाहिलं तर तो बाणाखाली झाकलेला दिसला पाहिजे. नाहीतर जाणारं व्हेन त्यालाच धडकतं.

मग डावी-उजवी बाजू. धनुष्याच्या मागे उभं राहून दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसेल अशी धरायची आणि बाणाचं टोक कुठे येतं ते पाहायचं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचं टोक दोरीच्या किंचित डावीकडे हवं, दोन-तीन मिलिमीटर. बरोबर मध्ये का नको? कारण बोटांवरून सुटताना दोरी आडवी सरकते, बाण धनुकलीसारखा वाकतो आणि रिझरला वळसा घालून निघतो. 1930च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे वाकणं टिपलं. म्हणून बाण किती वाकतो याचं मोजमाप असतं, त्याला स्पाइन म्हणतात. 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मधोमध 880 ग्रॅमचं वजन लटकवलं आणि तो अर्धा इंच वाकला, तर त्याची स्पाइन 500.

राहिली दोरीवरची गाठ, म्हणजे बाणाची खाच जिथे अडकते तो नॉकिंग पॉइंट. पितळी कडी दाबून बसवता येते, पण मला दोऱ्याची गाठ बरी वाटते. आटे फिरवावे तशी ती वर-खाली सरकते, आणि पक्की ठरली की फेविक्विकचा थेंब टाकायचा. रेस्टवरून काटकोनात येणाऱ्या रेषेपेक्षा सव्वा सेंटिमीटर वर सुरुवात केली. मुद्दाम वर, कारण गाठ फार खाली असेल तर बाण रेस्टवर आपटून वर उसळतो आणि चाचणीत गाठ वर आहे असं भासवतो. माणूस ती आणखी खाली नेतो, आणि मग दिवसभर शोधत बसतो.

चाचणी दोन गोष्टींची. पहिली टाल्कम पावडरची. व्हेन आणि रेस्टवर पावडर फवारली, बाण मारला, आणि पाहिलं तर खालच्या एका व्हेनवर बारीक पुसट रेघ. म्हणजे स्पर्श होत होता. बाणाची खाच जराशी फिरवली, पुन्हा पावडर, रेघ गेली. दुसरी चाचणी बिनपिसांच्या बाणाची. 18 मीटरवर पिसांचे तीन आणि बिनपिसांचा एक. पिसं चूक झाकतात, उघडा बाण झाकत नाही. आमचा उघडा बाण खाली लागला, म्हणजे गाठ वर होती. थोडी उतरवली. शिवाय तो डावीकडे जात होता. उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी याचा अर्थ बाण ताठ आहे. त्यावर जास्त वजनाचं टोक लावलं आणि तो पिसांच्या बाणांच्या गटाकडे सरकला.

एक गोष्ट मात्र रेस्टने आपणहून दाखवली. दोरी ओढताना बाण टेकूवरून खाली पडायचा, आणि मुलगा म्हणाला, “काका, रेस्टच खराब आहे.” रेस्ट ठीक होती. तो बोटांत खाच चिमटत होता आणि धनुष्याचं वरचं टोक डावीकडे झुकवत होता. उजवीकडे झुकलं तर बाण रिझरला टेकून तरी राहतो. बांबूवर ही सवय लपून गेली होती. चिकटवलेल्या बारीक पट्टीवर ती लपेना. खाचेवरची पकड सैल केली, टोक सरळ ठेवलं, आणि बाण टिकला.

पलीकडच्या साताऱ्यातल्या सरावातून अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. त्यांच्या धनुष्यावरच्या रेस्टमध्ये बारीक स्क्रूंनी वर-खाली, डावी-उजवी जागा ठरवता येते. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला तो रिकर्व्ह. तिथे अंतर 70 मीटर, लक्ष्य 122 सेंटिमीटरचं, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटरचं. त्या पातळीवर प्लंजर हवाच. पण तिथे पोचायला वेळ आहे, आणि तोवर चिकट रेस्ट पुरते.

धनुष्य बंद गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. गोंद सैल होतो, रेस्ट नकळत सरकते आणि पात्यांचे थरही सुटू शकतात. पेन्सिलीची खूण पुसू नका, गाठीची उंची वहीत लिहून ठेवा, आणि त्याच कंपनीची एक जादा रेस्ट पिशवीत असू द्या. आणि बाण सोडण्याआधी लक्ष्याच्या मागे कुणी येणार नाही याची खात्री करा. ऊस उंच झाला की मागे माणूस आहे का ते दिसत नाही.