औषध नव्हे, विरजण!
तुरीची मर, हळदीची कंदकूज व सूत्रकृमी यांवर जैविक उपाय



खोडवा मोडला की त्या रानात आपल्यापैकी कुणी तूर-सोयाबीन घेतो, कुणी हळद लावतो, कुणी रब्बीत हरभरा पेरतो. पाण्याखालचं भारी रान, पीक सुरुवातीला असं जोरात येतं की बघणाऱ्याची नजर लागावी. आणि मग ऐन फुलोऱ्यात तुरीची झाडं उभ्याउभ्या माना टाकू लागतात. आज एक, उद्या चार, आठ दिवसांत चांगला चकंदळभर पट्टा वाळून कोळ. रानात ओल असते, खतही दिलेलं असतं, पण झाड काही उठत नाही. बी, खत, मजुरी सगळं घालून झालेलं असतं आणि हातात येतात त्या तुराट्या!

मी स्वतः ह्यातून गेलेलो आहे. म्हणून हा लेख शास्त्रज्ञाचा नाही, ठेच लागलेल्या एका सभासदाचा आहे असं समजून वाचावा.

आधी रोग ओळखा

झाड वाळलं की फवारणीला धावायचं, ही आपली खोड. पण हा रोग पानात नसतो, मुळात असतो. मर लागलेलं तुरीचं झाड उपटा आणि खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या की ती फ्युजेरियम नावाची बुरशी समजावी. ती मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच चोंदून टाकते. मग रानात पाणी असून झाड तहानेनं मरतं. ही बुरशी जुन्या धसकटांत काही वर्षे तग धरून राहते. त्याच रानात पुन्हा पुन्हा तूर घेणाऱ्याला ती सोडत नाही, ती ह्यामुळेच.

हळदीची कंदकूज निराळी. पानं कडेनं पिवळी पडत येतात, झाडाचा शेंडा धरून ओढला तर अलगद हातात येतो आणि कंदाला घाण वास येतो. ह्यात बहुधा पिथियम नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून आपल्या काळ्या रानात पाणी तुंबलं की कंदकूज झपाट्यानं पसरते.

तिसरा चोर डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे सूत्रकृमी. त्याचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. ते मुळात शिरून ठाण मांडतं आणि मुळाला गाठी येतात. एक मादी काहीशे अंडी घालते आणि उबदार जमिनीत साधारण महिनाभरात नवी पिढी तयार होते. सूत्रकृमीनं केलेल्या जखमेतून बुरशीला आयतंच दार मिळतं, म्हणून पुष्कळदा दोघं जोडीनं येतात.

येथे एक फसगत होते. तुरीच्या मुळावर नत्राच्या चांगल्या गाठीही असतात. फरक सोपा आहे. चांगली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं चोळली की सुटते आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ते सुटत नाही.

शत्रूचा शत्रू

पूर्वी सूत्रकृमी म्हटलं की "फोरेट टाका" एवढंच उत्तर असे. त्या विषारी औषधावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. शिवाय अशा औषधांनी चोराबरोबर राखणदारही मरतात.

राखणदार कोण? ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी. अमेरिकेत वाइंडलिंग ह्या शास्त्रज्ञानं १९३२ साली दाखवून दिलं की ही बुरशी दुसऱ्या रोगकारक बुरशीला वेटोळे घालते आणि तिलाच खाऊन टाकते. ती शत्रूच्या अंगावरचं कवच विरघळवणारा रस सोडते, त्याच्या वाट्याचं अन्न खाते आणि मुळाभोवतीची जागाही अडवून बसते. तिच्याच कुळातली एक बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे कापडी तंबू कुजवताना सापडली होती. पाचट कुजवायला हे कूळ का उपयोगी पडतं, ते ह्यावरून कळावं.

सूत्रकृमीलाही वैरी आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात बटाट्याच्या मुळांवरील सूत्रकृमीची अंडी खाणारी एक बुरशी १९७९ साली नोंदली गेली. आज ती पॅसिलोमायसिस ह्या नावाने बाजारात मिळते. शिवाय स्युडोमोनास नावाचे जिवाणू आहेत. ते मुळाजवळचं लोह आपल्याकडे ओढून घेतात आणि रोगकारक बुरशीला उपाशी ठेवतात.

आपलं भाग्य असं की ही विद्या दारातच आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. तेथील वनस्पती रोगशास्त्र विभागाचं 'बायोमिक्स' हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचं मिश्रण मराठवाड्यातील हळद-आलं पिकवणाऱ्या कास्तकारांच्या चांगलं परिचयाचं आहे. १८ मेच्या खरीप मेळाव्यात बियाण्याबरोबर ह्यासाठीही गर्दी असते.

माझी चूक

अशाच एका मेळाव्यातून मी हौसेनं ट्रायकोडर्माची पाकिटं आणली आणि आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिली. मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. मृग निघाला तशी तुरीच्या बियाला आधी कार्बेन्डाझिम चोळलं आणि "दुप्पट गुण येईल" म्हणून त्याच बियाला लगेच ट्रायकोडर्माही चोळला. त्या साली मर लागली ती लागलीच. मी घरी येऊन म्हणालो, "आई, हे जैविक-बिविक सगळं थोतांड आहे बघ."

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "का रे, उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का?"

मी गप्प झालो. जिवंत वस्तू मी पत्र्याखाली भाजली होती, आणि उरलीसुरली बुरशीनाशकानं मारली होती. ट्रायकोडर्मा ही सुद्धा शेवटी बुरशीच! कार्बेन्डाझिम आपला-परका ओळखत नाही. औषध मेलेलं असलं तरी चालतं, विरजण जिवंतच लागतं. सगळ्या जैविक उपायांचं मर्म ह्या एका वाक्यात आहे.

विरजण लावावे कसे

१) पाकीट घेताना तारीख बघा. एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत असा दंडक आहे, तो लेबलवर वाचा. घरी आणल्यावर माठाशेजारी, थंड व सावलीच्या जागी ठेवा.

२) बीजप्रक्रिया सावलीत करा. ट्रायकोडर्मा किलोला ४ ते १० ग्रॅम, म्हणजे पाकिटावर लिहिलं असेल तसं. रासायनिक बुरशीनाशक त्याच्या जोडीला नको.

३) जमिनीत नुसती भुकटी फेकू नका, तिला खायला द्या. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळा, पाणी शिंपडून ओलसर ठेवा आणि ओल्या गोणपाटानं झाका. तीन-चार दिवसांनी खालीवर करा. आठ-पंधरा दिवसांत हिरवट बुरशी धरली की वाफशावर सरीत द्या.

४) आपल्याच कारखान्याचा प्रेसमड ह्या कामाला उत्तम. पण ताजा नको. कुजताना त्याचा ढीग तापतो, त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा टिकत नाही. ढीग पुरता निवल्यावरच मिसळा.

५) हळदीला बेणे लावतानाच प्रक्रिया करा, पुढे पावसाळ्यात वाफसा असताना आळवणी करा. लागवड गादीवाफ्यावर हवी आणि चर मोकळे हवेत. पाण्यात उभ्या असलेल्या हळदीला कोणतंच विरजण वाचवू शकणार नाही.

६) सूत्रकृमीच्या रानात निंबोळी पेंड द्या, भाजीपाल्याच्या फेरपालटीत झेंडू घ्या. झेंडूच्या मुळांतील द्रव्य सूत्रकृमीला मारक असतं.

एवढ्यावर भागत नाही

आपल्या काळ्या जमिनी विम्ल, आणि ट्रायकोडर्माला थोडी आम्लाकडची जमीन मानवते. म्हणून आपल्याकडे सेंद्रिय खताशिवाय त्याचा जोर दिसत नाही, आणि स्युडोमोनासची जोड दिलेली बरी पडते. वाळायला लागलेलं झाड ह्यानं परत उठत नाही. राखणदार चोरी होण्याआधी ठेवायचा असतो.

उसाच्या लाल कुजीबाबत तर स्पष्टच सांगतो. तेथे पहिला उपाय निरोगी बेणे मळा हाच. जैविक प्रक्रिया त्याला मदतनीस आहे, पर्याय नव्हे.

तुरीतही वाण महत्त्वाचा. विद्यापीठाच्याच बदनापूर केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा वाण मर रोगाला प्रतिकारक आहे. तुराट्या कापून धसकटं रानात ठेवू नका, मुळासकट उपटा. आणि बेवड सांभाळा. आपले आजे-पणजे ज्वारीत तुरीचे तास घालत, ते काही उगाच नव्हे. ज्वारीच्या सोबतीनं तुरीची मर कमी होते, असं पुढे प्रयोगांतही दिसून आलं आहे. ज्वारीच्या मुलखात आपणच हे विसरलो!

पुढच्या साली मी हे सगळं क्रमानं केलं. फक्त चार तास मुद्दाम विरजणावाचून सोडले. मर अजिबात लागली नाही असं म्हणणार नाही, पण त्या चार तासांतलं आणि बाकीच्या रानातलं अंतर बांधावरून दिसत होतं. आई बांधावर आली, तिनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "लागलं म्हणायचं दही."

माझी विनंती इतकीच. माझ्या शब्दावर सगळं रान लावू नका. अर्ध्या एकरावर करून बघा, चार तास सोडून बघा. आणि जे दिसेल ते, चांगलं असो की वाईट, गट कार्यालयात येऊन शेजाऱ्यांना सांगा. एकाची ठेच दहांना वाचवते. सहकार म्हणतात तो ह्यालाच.