रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून

१७ जून २०२१. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आम्ही सगळे समुद्राकडे डोळे लावून उभे आहोत. दर्या खवळलाय. डावीकडे खाडीपलीकडचा कोरलईचा किल्ला सरींमधून मध्येच दिसतो, मध्येच पुसला जातो. समोर जेमतेम तीन किलोमीटरवर ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज अर्धवट बुडालंय. त्यावर सोळा माणसं आहेत.

पावसाळी मासेमारीबंदी चालू आहे. गावातल्या होड्या कधीच वर ओढून शाकारल्यात. आणि असत्या पाण्यात, तरी या लाटांत त्या घालायच्या कुणी? शेजारचे म्हातारे कोळीबाबा पुन्हा पुन्हा पुटपुटताहेत, “उड्या टाकू नका रे पोरांनो.” मुंबईच्या सागरी बचाव केंद्रानेही फोनवरून हेच बजावलंय: जीवरक्षक साधनं जवळ ठेवा, जहाज सोडू नका. भेदरलेले खलाशी जहाज सोडायच्या बेतात होते, ते त्या शब्दावर थांबले. माझ्या मते अर्धी सुटका तिथेच झाली.

दिघीहून आलेल्या तटरक्षक दलाच्या ‘सुभद्राकुमारी चौहान’ या नौकेने रबरी बोट पाण्यात सोडलीय. तेवढ्यात घरघर ऐकू येते. दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टर आलेत.

चेतक लहानसं. एका खेपेत मोजकीच माणसं मावतात. ते लाटांवर अधांतरी थांबतं. पात्यांच्या झोताने खालचं पाणी फवारा होऊन उडतं. वैमानिकाला नेमकं आपल्या पोटाखालचंच दिसत नाही. दाराशी बसलेला सहकारी तार वर-खाली करणारा विंच सांभाळतो आणि सांगत राहतो: थोडं पुढे, डावीकडे, थांब. त्या आवाजावर विसंबून वैमानिक वाऱ्याशी झुंजत हेलिकॉप्टर जागेवर धरून ठेवतो. तारेचं टोक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचं असतं, नाहीतर हेलिकॉप्टरवर साठलेल्या स्थिर विजेचा झटका बसतो. मग पट्टा काखेखालून घ्यायचा, हात खाली दाबून धरायचे. एक माणूस वर जातो. आमच्यातल्या कुणालाच बोलायचं सुचत नाही.

हेलिकॉप्टर माणसांना किनाऱ्यावर आणतं, प्रथमोपचार सुरू होतात. रबरी बोट आणि हेलिकॉप्टर मिळून सोळाच्या सोळा जणांना सुखरूप बाहेर काढतात.

जहाजावरून फोन वेळेत गेला, म्हणून हे जमलं. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाने तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आजच आपल्या होडीवर ठळक रंगवून घ्यावा.