पिठाचं माप

पहाटे 4.30
माझ्याआधी सासूबाई उठलेल्या असतात. मी त्यांना आत्ती म्हणते. पंच्याहत्तरी उलटली, गुडघे धरतात, पण पिठाचं माप त्यांनी अजून माझ्या हाती दिलेलं नाही. चिमटीत पीठ चोळून त्या विरी, म्हणजे चिकटपणा, आहे का बघतात. ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. आज डिसेंबरातला शनिवार, म्हणून आठ किलो. किलोला आठ-नऊ भाकऱ्या, ताटाला दोन, म्हणजे बत्तीस-पस्तीस गिऱ्हाईकं. दिवसाचा धंदा किती, हे इथंच ठरतं.

सकाळी 7.30
पन्हाळगडाखालच्या पेठेतून वडापच्या जीपनं वर येतो. धुकं अजून उतरलेलं नसतं. तीन दरवाजाच्या वाटेवर आमची चूल. शेणी, लाकडं लावून जाळ केला की आधी खरडा: हिरव्या मिरच्या तव्यावर भाजायच्या, त्यात लसूण, शेंगदाणे, मीठ घालायचं आणि तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायचं. शेजारी झुणका आणि वांग्याचं भरीत. दही घरून विरजून आणलेलं असतं.

10.30
पहिलं गिऱ्हाईक बसल्याशिवाय आत्ती पिठाला पाणी लावू देत नाहीत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी शहाणपणा केला होता. सहलीची बस येणार कळलं आणि तीस भाकऱ्या आधीच थापून ठेवल्या. बस आली ती दोन तासांनी. भाकऱ्या कडक झाल्या होत्या. आत्तींनी त्या घरी न्यायला फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि सहलीच्या पोरांसाठी काठवटीत नवं पीठ घेतलं. मला बोलल्या नाहीत. रात्री सगळ्यांच्या ताटात त्याच भाकऱ्या पडल्या, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाईकाला थांबीव, भाकरीला थांबवू नगंस."

तेव्हापासून माणूस बसला की गरम पाण्यात पीठ मळते. दोन्ही तळव्यांनी थापते, तव्यावर टाकून वरनं पाणी फिरवते, उलटते आणि शेवटी जाळाच्या कडेला उभी करते. भाकरी फुगते ती माणसाच्या डोळ्यांदेखत. तेवढा वेळ तो कांदा फोडत, गप्पा मारत आनंदानं बसतो.

दुपारी 2.45
पीठ संपलं. तेवढ्यात पुण्याचं एक कुटुंब आलं, सहा माणसं. पूर्वी मी पलीकडून पीठ उसनं आणायला धावले असते. आत्तींनी त्यांना बोट दाखवून शेजारच्या चुलीकडं पाठवलं. "तिचं बी पीठ मळायचं हाय की अजून." उसन्या पिठाची विरी आपल्याला माहीत नसते, आणि भाकरी चिरली तर नाव आपलंच जातं. शेजारीणही तिचं संपलं की माणसं आमच्याकडं धाडते.

सायंकाळी 5.00
खाली उतरल्यावर हिशेब. वही नाही, तीन डबे आहेत. पहिल्यात आधी पिठाचे, सरपणाचे, तेला-मिरचीचे पैसे जातात. ते आपले नव्हेतच, उद्याच्या तव्याचे. दुसरा घराचा. तिसऱ्यात रोज थोडं का होईना पडलंच पाहिजे. तो पावसाचा डबा.

त्या डब्यावरून मी वाद घालायचे. मग 2021 चा जुलै आला. अतिवृष्टीनं गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला, गाड्या बंद झाल्या, चूल विझली. त्याआधी टाळेबंदीनं कंबरडं मोडलेलं. त्या दिवसांत घरात दाणे आले ते तिसऱ्या डब्यातून. आत्तींनी तेव्हाही शिकवण दिली नाही. गडावरच्या अंबरखान्याजवळून जाताना गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठ्यांकडं बघून म्हणाल्या, "सिद्दी जौहरचा वेढा चार महिनं हुता. वेढा पडल्यावर कुणी दाणा भरत न्हाई." ती 1660 ची गोष्ट मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या पावसात कळला.

रात्री 7.30
गिरणीतून दळण आणते. ज्वारी सोलापूरकडची, मालदांडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची मळणी होते तेव्हा वर्षाची पोती एकदम घेतो. पीठ मात्र साठवत नाही, लागेल तेवढंच दळतो.

9.00
उद्या रविवार. आज पहिल्यांदाच आत्तींनी माप माझ्याकडं सरकवलं. "काढ."

आजची गर्दी डोळ्यांसमोर होती. मी धीर करून बारा किलो काढलं. त्यांनी काही न बोलता त्यातलं तीन किलो परत डब्यात ओतलं.

"का हो आत्ती?"

"उद्या लग्नाची दाट तीथ हाय. माणसं पंगतीला बसत्यात, गडावर कोण येतंय?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खरंच होती. डबा झाकून ठेवला आणि कॅलेंडर काढून पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला अडकवलं.