पाटी रंगवण्याआधी

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची गावं दोन आहेत. एक करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या स्टेशनाचं. दुसरं अक्कलकोट तालुक्यातलं. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर जेऊर बायजाबाई, जेऊर हैबती, जेऊर कुंभारी अशी रांगच लागते. करमाळ्याकडच्या जेऊरात कुणी ‘हॉटेल जेऊर’ अशी पाटी लावली, तर मोबाइलवर रस्ता शोधणारं गिऱ्हाईक भलत्याच जेऊरात जाऊन उभं राहायचं.

गावाचं नाव टाळलं की पुढचा मोह उजनीचा. धरणाचा फुगवटा जवळ, ताटात चिलापी आणि मरळ, मग ‘उजनी’ सुचणारच. पण सुचतं ते सगळ्यांनाच. शिवाय 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार फक्त ठिकाण किंवा पदार्थ सांगणाऱ्या नावाची नोंदणी सहसा मिळत नाही. ‘उजनी मच्छी थाळी’ कानाला कितीही गोड लागो, उद्या शेजारच्याने तेच नाव लावलं तर त्याला अडवणं कठीण. तिसरा मोह सिनेमाचा. नागराज मंजुळे जेऊरचे. 2016 च्या ‘सैराट’ने हा सगळा परिसर महाराष्ट्रभर पोहोचवला. तरी दुसऱ्याच्या प्रसिद्धीवर गल्ला उघडू नये. सिनेमा जुना होतो, हॉटेलाला मात्र रोज नवं गिऱ्हाईक लागतं.

मराठी मुलखातली टिकलेली नावं पाहिली तर बहुतेक साधीच आहेत. दादरच्या मामा काणे यांनी ‘स्वच्छ उपहारगृह’ असं नाव दिलं; पाटीवरच ग्राहकाला शब्द देऊन टाकला. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळ मिळणारी मिसळ ‘मामलेदार मिसळ’ झाली. त्या नावात पत्ताही आला आणि थोडा सरकारी रुबाबही! पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर ‘मद्रास हेल्थ होम’ होतं. जगन्नाथ शेट्टी यांच्या काळात ते ‘वैशाली’ झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भेटीची जागा ठरलं. ‘वैशालीत भेटू’ हे पटकन तोंडात बसतं. ‘मद्रास हेल्थ होममध्ये भेटू’ म्हणताना धाप लागली असती. फोनवर एकदा सांगून समोरच्याला कळलं पाहिजे, ही नावाची पहिली परीक्षा. ती बारशाला जमलेल्या पाहुण्यांकडून नव्हे, तर रस्त्यावरच्या ट्रकचालकाकडून घ्यावी.

वेगळेपणाच्या हौसेचा धडा नवी मुंबईत मिळाला. खारघरमध्ये 2006 च्या ऑगस्टमध्ये ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं उपाहारगृह उघडलं. ज्यू समाजाने तीव्र आक्षेप घेतला आणि थोड्याच दिवसांत मालकांना नाव बदलावं लागलं. प्रसिद्धी भरपूर झाली, पण त्या प्रसिद्धीने भूक वाढते असं कोण म्हणेल?

नाव दुसऱ्याशी जुळलं तर काय होतं, ते पुण्याच्या ‘बर्गर किंग’ला विचारावं. हे स्थानिक उपाहारगृह 1990 च्या दशकापासून चालू आहे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने 2011 मध्ये दावा लावला. तिचं भारतातलं पहिलं दुकान मात्र 2014 मध्ये उघडलं. जिल्हा न्यायालयाने 2024 मध्ये कंपनीचा दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने, अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना ते नाव वापरायला मनाई केली. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका नावापायी जिल्हा न्यायालयापासून दिल्लीपर्यंत खेटे! जेऊरातल्या हॉटेलवाल्याला एवढा खर्च परवडणार आहे का?

पाटीचेही नियम आहेत. दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नाव मराठीत, देवनागरी लिपीत हवं आणि ही अक्षरं इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. त्याच दुरुस्तीतलं दुसरं कलम अनेकांना ठाऊक नसतं: जिथे दारू विकली किंवा दिली जाते, त्या आस्थापनेला महापुरुषांची, महनीय महिलांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. परमिट रूमचा विचार असेल तर ‘शिवनेरी’, ‘राजगड’ आधीच बाजूला ठेवावं.

मग जेऊरात काय लिहावं? ‘जेऊ रं!’ अशी कोटी कुणाला तरी सुचेलच, आणि ती वाईट नाही: लहान आहे, मराठी आहे, लक्षात राहते. मात्र घरगुती जेवण देणाऱ्याने मालकिणीचं किंवा आजीचं नाव लावलं तर ते अधिक शोभेल, कारण भाकरी कुणाच्या हातची हे गावाकडे अजून विचारलं जातं. ते नाव आडनावासकट किंवा एखाद्या खास शब्दाला जोडून घ्यावं, म्हणजे दुसऱ्याशी जुळण्याची शक्यता कमी होते.

नाव ठरलं की पेंटरला बोलावण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते शोधून पाहावं. शोधायला पैसे पडत नाहीत. उपाहारगृहासाठी वर्ग 43 पाहायचा. ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. पुढे तिचं नूतनीकरण करता येतं.