शेवट आधीच सांगून टाकणारा चित्रपट

1956 साली फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी आपल्या कृष्णधवल चित्रपटाच्या नावातच शेवट सांगून टाकला: मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला. म्हणजे नायक फाँतेन तुरुंगातून सुटणार, हे तिकीट काढतानाच कळतं. तरीही सुमारे 100 मिनिटं श्वास रोखून बसावं लागतं. हे होतं तरी कसं?

सुटणार की नाही, ही चिंताच उरत नाही. मग सगळं लक्ष एकवटतं ते कसा सुटणार यावर. कोठडीचं दार जाड फळ्यांचं, पण त्या जोडणाऱ्या पट्ट्या मऊ लाकडाच्या. फाँतेन लोखंडी चमच्याचा दांडा फरशीवर घासून त्याची पटाशी करतो आणि रोज थोडं थोडं कोरत राहतो. भुसा गोळा करायचा, भेगा लपवायच्या, चाहूल लागली की थांबायचं. खाटेच्या जाळीची तार आणि फाडलेलं कापड यांचा दोर वळायचा. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्या हातांवर येतो, आणि बघता बघता आपलीही बोटं आवळली जातात.

खरी कमाल मात्र आवाजाची. हा तुरुंग अखंड असा कधी दिसतच नाही. तो ऐकून मनात उभा राहतो. कठड्यावर किल्ली खणखणली की पहारेकरी आला. दूरची आगगाडी धडधडली की तेवढ्यात छपरावरच्या खडीवर पाऊल टाकून घ्यायचं. सुटकेच्या रात्री कसलीशी कुरकुर ऐकू येते, कशाची ते उमगत नाही. दोन भिंतींमधून सायकलवर गस्त घालणारा शिपाई दिसतो, तेव्हा कुठे उलगडा होतो. पहारेकऱ्याला मारण्याचा क्षण तर दाखवलेलाच नाही. फाँतेन कोपऱ्याआड जातो, कॅमेरा अलीकडेच थांबतो.

आणि हे घडलेलं आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या लिआँ शहरातल्या माँलुक तुरुंगातून आंद्रे देविन्यी ऑगस्ट 1943 मध्ये असेच निसटले होते. त्यांच्याच आठवणींवरून, त्यांच्याच सल्ल्याने, त्याच तुरुंगात चित्रीकरण झालं. ब्रेसाँ स्वतःही युद्धकैदी राहिलेले. फाँतेन साकारणारा फ्रांस्वा लतेरिये हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. ब्रेसाँना मुरलेला नट नकोच होता. 1957 मध्ये कान महोत्सवात त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

मला सर्वांत थक्क करतो तो योस्त. सगळी तयारी झाल्यावर फाँतेनच्या कोठडीत हा कोवळा पोरगा आणून टाकतात. हेर असेल तर? त्याला मारायचं की सोबत न्यायचं? फाँतेन विश्वास टाकतो. आणि पुढे एका भिंतीपाशी त्याला कळून चुकतं की एकटा असतो तर इथेच अडकलो असतो.