चिठ्ठीवरचे दोन आठवडे

आमच्या बेळगाव, खानापूर आणि पलीकडच्या चंदगड पट्ट्यात सैन्यात मुलगा नाही असे गाव विरळाच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तर बेळगावातच आहे. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांचा संसार रजेच्या हिशेबाने चालतो. लग्न रजेत, बारसे रजेत, घराची स्लॅबही रजेतच. साहजिकच मूल होण्याचा विचारही रजेतच होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. बी.ए. झाली, लग्न झाले, नवरा फौजेत. (तिची ओळख कळू नये म्हणून तारखा आणि तपशील थोडे बदलले आहेत.) तिची पाळी १ मे रोजी आली होती. नवरा १२ मेला महिनाभराच्या रजेवर आला. सासूबाईंना नातवाची घाई. २२ मेलाच मेडिकलमधून कीट आणवले. एकच रेघ आली. घरभर निराशा. पुढे पाळी चुकली, २ जूनला पुन्हा तपासले, तर दोन रेघा! पेढे वाटले गेले. १२ जूनला सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आकडा आला: ६ आठवडे.

सासूबाईंनी बोटे मोजली. "मुलगा येऊन महिना झाला. मग पोर दीड महिन्याचं कसं?"

एवढे एकच वाक्य. पण त्या घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. नवरा रजा संपवून निघाला तोही मान खाली घालून. तो गेल्यावर तिचा मला फोन आला. रडत म्हणाली, "मॅडम, मी काही चुकीचं केलेलं नाही. पण ह्यांना सांगू कसं?"

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारी बाई. पण या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गर्भाचे वय मोजतात कुठून?

डॉक्टर गर्भाचे आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. कारण साधे आहे. बीज नेमके कधी सुटले हे कोणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र बाईला आठवते. पाळी नियमित अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते आणि तेव्हाच गर्भ राहतो. म्हणजे चिठ्ठीवरचे पहिले दोन आठवडे हे गर्भ राहण्याच्या आधीचेच असतात!

आता तिचा हिशेब पाहा. १ मे ते १२ जून म्हणजे ४२ दिवस, बरोबर सहा आठवडे. प्रत्यक्ष गर्भ राहिला तो मेच्या मध्यावर, नवरा घरी आल्यानंतर. चिठ्ठी बरोबर होती आणि मुलगीही.

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. डॉक्टरही जवळपास तसाच हिशेब करतात: शेवटच्या पाळीची तारीख, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चुकतो. मग पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून वय ठरवतात. त्यातही काही दिवसांचा फरक राहू शकतो. तेव्हा चिठ्ठीवरच्या आकड्यावरून कोणी कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये. शंका आली तर डॉक्टरांना विचारावे, तेही नवरा-बायकोने मिळून.

कीट कधी, कसे?

२२ मेच्या त्या एका रेघेचे काय? गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते आणि कीट तेच शोधते. बीज सुटल्यापासून गर्भ रुजायला साधारण सहा ते बारा दिवस लागतात. नंतर हे संप्रेरक दर दोन-तीन दिवसांनी सुमारे दुपटीने वाढते. त्यामुळे आठवड्याच्या आत केलेली तपासणी फुकट जाते. पाळी चुकल्यानंतरच तपासावे. सकाळची पहिली लघवी घ्यावी, कीटची मुदत संपलेली नाही ना ते पाहावे, आणि वेष्टनावर जितकी मिनिटे लिहिली असतील तेवढ्यातच निकाल वाचावा. तासाभराने उमटलेली रेघ धरू नये. दुसरी रेघ वेळेत आली आणि फिकट असली, तरी बहुधा दिवस राहिलेले असतात. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर तीन-चार दिवसांनी पुन्हा तपासावे. तरीही काही कळले नाही तर दवाखाना गाठावा. पाळी लांबण्यामागे थायरॉईडसारखी इतर कारणेही असतात.

'निश्चय' नावाचे कीट आशाताईंकडे मोफत मिळते. साखर, मीठ किंवा टूथपेस्ट घालून केलेल्या घरगुती चाचण्यांना काडीचाही आधार नाही. आणि एक कळकळीची विनंती: पाळी लांबली म्हणून 'पाळी आणायच्या गोळ्या' कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून घेऊ नका. त्यातून जिवावर बेतू शकते.

पहिले तीन महिने

तीन महिने कोणाला सांगायचे नाही, ही आपली रीत. शेजारणीला सांगू नका हवे तर, पण डॉक्टरांना आणि आशाताईंना लगेच सांगा. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते. त्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड लागते. खरे तर मूल हवे असे ठरवतानाच ते सुरू करावे. नवऱ्याची रजा मंजूर झाली की पेढ्यांच्या आधी ही गोळी आणावी! लोहाच्या गोळ्या साधारण चौथ्या महिन्यापासून देतात. साखर, रक्तदाब, फिट यांची औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावीत.

आमच्याकडे कर्नाटकात नोंदणी झाली की 'तायी कार्ड' मिळते. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. त्यावरचा मजकूर वाचता येत नसेल तर संकोच न करता आशाताईंकडून समजून घ्या. आपल्या पाळीची तारीख त्यावर बरोबर लिहिली आहे ना, एवढे तरी नक्की पाहा.

सुरुवातीच्या महिन्यांत थोडे रक्ताचे डाग पुष्कळ जणींना दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींचे पुढे सुखरूप होते. तरी डॉक्टरांना कळवावेच. पण जास्त रक्त जात असेल, ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल, खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल, तर रात्र असो वा पहाट, थांबू नये. गर्भ नळीत राहिला असेल तर वेळ दवडणे धोक्याचे.

या दिवसांत पती-पत्नीने जवळ यावे का, हा प्रश्न तर ओठांवरच राहतो. गरोदरपण सरळ असेल तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. रक्त जात असेल, वार खाली असेल, पाणी गेले असेल किंवा मुदतीआधी कळा येण्याचा धोका असेल तर डॉक्टर मनाई करतात, ती पाळावी. आणि काही धोका नसला तरी बाईला उलट्यांनी नको-नकोसे झाले असेल, तर तेही कारण पुरेसे आहे.

सव्वा महिन्यानंतर

फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. नवरा पुढची रजा घेऊन आला तेव्हा बाळ तीन महिन्यांचे होते. पुन्हा फोन आला, या वेळी अगदी हळू आवाजात. "मॅडम, टाके भरलेत, पण भीती वाटते. नाही म्हटलं तर ह्यांना राग येईल का?"

सव्वा महिन्याची आपली रीत आणि डॉक्टरांचा चार ते सहा आठवडे थांबण्याचा सल्ला बराच जुळतो. अंगावरून जाणे थांबायला, टाके भरायला तेवढा वेळ लागतो. सिझेरियन झाले असेल तर पोटाच्या जखमेचाही विचार हवा. पण सव्वा महिना झाला म्हणजे बाई तयार झालीच, असे नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असते, त्यामुळे योनीत कोरडेपणा येतो आणि दुखते. त्यात रात्रीची जागरणे. मन नसणे म्हणजे नवऱ्यावरचे प्रेम आटले असे नव्हे. घाई करू नये, दुखले तर थांबावे. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, तिचा उपयोग होतो. तरीही दुखत राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. आई दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, सारखी रडत असेल, तर तेही 'नखरे' न समजता डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. 'अंगावर पाजतेय, पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत.' बीज आधी सुटते, पाळी नंतर येते. म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात. अंगावरच्या दुधाचा भरवसा तीनही अटी पुऱ्या होतील तेव्हाच: बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, दिवस-रात्र फक्त आईच्याच दुधावर हवे, आणि पाळी आलेली नसावी. बाळ वरचे दूध प्यायला लागले की भरवसा संपला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. त्यासाठी निरोध आहे, प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येणारी तांबी आहे. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि 'छाया' ही संप्रेरक नसलेली गोळी २०१७ पासून मिळते. अंगावर पाजणाऱ्या आईला अंतरा सहा आठवड्यांनंतर घेता येते. नेहमीच्या माळेच्या गोळ्या मात्र पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नयेत. कोणते साधन आपल्याला योग्य, ते डॉक्टर सांगतील. पण विचारायला दोघांनी जावे, आणि रजा सुरू होण्याआधीच विचारून ठेवावे.

तिच्या पहिल्या फोननंतर काय झाले, ते सांगायचे राहिले. मी तिला एवढेच म्हटले की आशाताईंना घरी बोलाव आणि नवऱ्याला फोनवर घे. आशाताईंनी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले, १ मेवर बोट ठेवले आणि सासूबाईंकडूनच आठवडे मोजून घेतले. पलीकडून नवरा ऐकत होता. सहावा आठवडा मोजून झाल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "माझं चुकलं गं बाई."

आता त्या गल्लीत कोणाची चिठ्ठी आली की याच सासूबाई आधी विचारतात, "पाळीची तारीख काय? तिथून मोजा."