गंजाने धरून ठेवलेलं आर्सेनिक

गढूळ पाणी आलं की आपण तुरटी फिरवतो, मग ते उकळतो. गाळ बसतो, जंतू मरतात. विरघळलेल्या आर्सेनिकवर मात्र उकळण्याचा काहीच परिणाम होत नाही. उलट वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. बंगाल आणि बांगलादेशातल्या असंख्य कूपनलिकांचं नितळ पाणी असंच घातक निघालं.

साध्या वाळूने हे आर्सेनिक गाळून निघत नाही. वाळूच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि आर्सेनेट या आर्सेनिकच्या विरघळलेल्या रूपावरही ऋणच, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर सारतात. त्याच वाळूवर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातीचा, पातळ थर चढवला की चित्र पालटतं. या थरावर हायड्रॉक्सिलचे गट असतात. आर्सेनेट त्यांना हटवून थेट लोहाशी पक्का रासायनिक बंध जोडतं. मात्र हे लोकलमधल्या बाकांसारखं आहे: जागा मोजक्या, आणि पाण्यातलं फॉस्फेटही त्याच जागांवर टपलेलं.

भूजलातलं बरंचसं आर्सेनिक भाररहित रूपात असतं. ते सहज पकडलं जात नाही, म्हणून आधी त्याचं आर्सेनेट करावं लागतं. बांगलादेशी रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ या घरगुती फिल्टरमध्ये लोखंडाचं मिश्रण आर्सेनेट करणं आणि ते पकडणं ही दोन्ही कामं करतं, तेही विजेशिवाय. २००७ साली त्याला ग्रेंजर पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

फिल्टरमधल्या या जागा भरल्या तरी पाण्याची चव, रंग बदलत नाही. सुरक्षित मर्यादा लिटरमागे फक्त १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणून आर्सेनिकग्रस्त भागात फिल्टर बसवल्यावरही पाणी प्रयोगशाळेत वेळोवेळी तपासून घ्यायलाच हवं.